बोटभर जागा

भगवंतरावांच्या डोक्यात गावातल्या प्रत्येक माणसाचं एक खातं उघडलेलं होतं. शेजारचा देवमन: जमेला मोठा पानमळा, नावे जड हात, कारण त्याच्या वेली गाठीपाशी सुकायच्या. मुलगा योगेश: जमेला नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातली सुपरवायझरी, नावे हे की पानमळे पिकवणाऱ्या बाऱ्याच्या घरी जन्मून त्याला पानवेल बांधता येत नाही. बायको सत्यवती: सगळं जमेलाच, पण हे तिला सांगायचं नसतं. स्वतःच्या खात्याची नावेची बाजू त्यांनी कधी उघडून पाहिलीच नव्हती.

अडून बसलं होतं ते सुनेचं खातं. करिश्मा लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली. अमरावतीत राजापेठेत, शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता, बाहेर पाटी होती, पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ होतं. भगवंतराव गावात छाती काढून सांगत, “आमची सून डाक्टर हाये.” पुढचा माणूस विचारी, “कायची?” की भगवंतरावांना एकदम आभाळाकडे पाहावंसं वाटे.

देवमन मात्र आभाळाकडे पाहू देत नसे. “गोळी देत नाई, सुई देत नाई, पोट तपासत नाई,” तो म्हणे, “मंग मालिशवाली म्हन ना सरळ. त्यात लाजायचं काय?”

असा सगळा हिशेब चालू असताना दिवाळीनंतरच्या आठवड्यात भगवंतराव मळ्यातल्या शिडीवरून पडले.

अकोट तालुक्यातला त्यांचा पानमळा हा त्यांचा देव्हारा. आत चप्पल घालून कोणी गेलं तर तलाठी असो की व्याही, बाहेर काढला जाई. शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या झाडांवर वेली चढवायच्या, त्या लव्हाळ्याच्या पातीनं बांधायच्या, आणि बांधताना गाठीखाली आपलं बोट ठेवायचं. गाठ बसली की बोट काढून घ्यायचं. मागं उरते ती बोटभर जागा. वेल पुढं जाड होते, तिला श्वास लागतो. ही जागा देवमनला कधी साधली नाही, भगवंतरावांची कधी चुकली नाही. पंचक्रोशीत त्यांची जी काही ऐट होती ती त्या एका बोटाच्या जाडीची होती.

गुडघ्याची वाटी फुटली. अकोल्याला ऑपरेशन झालं, तारेनं वाटी शिवली, हाड सांधलं. पण पट्टी सुटली तेव्हा भगवंतरावांनी आपली मांडी पाहिली आणि ती कोणाची आहे असं सत्यवतीबाईंना विचारलं. चरकातून निघालेल्या उसासारखी ती चिपाड झाली होती. उभं राहिलं की गुडघा मागे लचके, पायरी चढताना भिंत धरावी लागे. सर्जन म्हणाले, मांडीत ताकद आणायला वजन उचलावं लागेल. आणि त्याच दमात म्हणाले, वाटी अजून कच्ची आहे, जड वजन उचलायचं नाही.

“म्हंजे पोहायचं, पन पान्यात नाई उतरायचं,” भगवंतराव म्हणाले.

गावात देवमन भेटायला आला तेव्हा केळी घेऊन आला आणि एक प्रस्तावही. “भाऊ, चैतात नवा फुटवा शिडीवर चढून बांधा लागन. तुमच्यानं होनार नाई. मळा मले बटईनं द्या, अर्धं पीक तुमचं. तुमी खाली खुर्ची टाकून पानं मोजजा.”

केळी चांगली होती, म्हणून भगवंतरावांनी काही फेकून मारलं नाही. पण देवमनच्या हाताच्या गाठी आपल्या वेलींच्या गळ्याशी दिसू लागल्या आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. चैत्रात शिडी चढायची, नाहीतर मळा देवमनचा. योगेशला फोन गेला. योगेश म्हणाला, “बाबा, अमरावतीले या. करिश्मा म्हनते, त्याच्यावर इलाज हाये.”

इलाज होता, पण तो मांडीवर होता. इथंच घोडं अडलं.

करिश्माच्या दवाखान्यात रुंद पट्टा होता, रक्तदाब पाहतात तसा, पण मांडीच्या अगदी वर, जांघेजवळ बांधायचा. त्याची नळी डब्याएवढ्या मशीनला आणि मशीनची तार नसलेली दोस्ती टॅबलेटशी. पट्टा पायाचं रक्त थोडं अडवतो, आणि अडवलेल्या रक्तात हलकं वजन उचललं की स्नायूला ते जड वाटतं. हाडावर भार हलका, मांडीला कष्ट जडाचे. अकोल्याच्या सर्जननं चिठ्ठीवर सही करून परवानगी दिली होती.

अमरावतीला योगेशच्या घरी भगवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सत्यवतीबाईंकडे वळले. सून समोर बसलेली, तरी वळले, कारण चार वर्षांत ते सुनेशी ‘चहा ठेव’च्या पुढे थेट बोललेच नव्हते. सासरा आणि सून यांच्यात त्यांच्या घराण्यात एक सासू असायचीच, निरोपापुरती.

“तिले सांग, सुनेनं सासऱ्याच्या मांडीले हात लावा, हे आमच्यात नाई.”

“ते म्हनते...” सत्यवतीबाई सुरू झाल्या.

“आलं ऐकू, आत्याबाई,” करिश्मा म्हणाली. “मामाजींले सांगा, मी पडद्याच्या बाहेर बसतो. पट्टा तुमी बांधा. मले सगळं टॅबलेटवर दिसते.”

भगवंतरावांना वाटलं होतं ती रडेल किंवा योगेशकडे तक्रार करेल. तिनं अर्ध्या मिनिटात तोडगा काढला. त्यांनी नाइलाजानं तिच्या जमेला एक नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्याची पायरी चढले. खाली कोचिंगची पोरं गाड्या लावत होती. दारात करिश्मा म्हणाली, “आत्याबाई, चपला बाहेर ठेवा लागते इथं.”

“तिले सांग, मळा थोडीच हाये हा,” भगवंतराव म्हणाले आणि चपलेसकट आत गेले. मागून फक्त फरशीवर फडकं फिरल्याचा आवाज आला.

आधी टॅबलेटनं उलटतपासणी घेतली. पायात कधी रक्ताची गाठ झाली का, नसा फुगल्या आहेत का, रक्तदाब किती, साखर आहे का, घरात कोणाला सिकलसेलचा रक्तविकार आहे का. पडद्याबाहेरून करिश्मा विचारी, आतून सत्यवतीबाई उत्तर देत, आणि मधल्या जागेत भगवंतराव तापत होते.

“आमच्या सात पिढ्यांत कोनाले काई नाई, सांग तिले.”

“सात पिढ्यांचं रक्त कोनी तपासलं होतं, आत्याबाई?” पडदा म्हणाला. आणि सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय पट्टा कपाटातून निघाला नाही. दोन दिवस गेले. अहवाल स्वच्छ आला. तो भगवंतरावांनी अशा हातानं घेतला, जणू त्यांनी परीक्षा देऊन मिळवला होता.

मग पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं, मांडी आवळत गेलं, पायातलं रक्त नेमकं किती दाबाला थांबतं ते त्यानं शोधलं आणि सैल झालं. आता त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त एवढं आवळून व्यायाम करायचा. सगळ्यांना एकच माप नाही, करिश्मा बाहेरून समजावत होती, ज्याच्या त्याच्या पायाचं माप मशीन काढतं.

भगवंतरावांच्या डोक्यात मात्र पिवळी पडलेली वेल होती. एवढी आवळली तर तिसऱ्या दिवशी पानं गळतात! मशीन पुन्हा हवा भरणार, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं आतल्या बाजूनं पट्ट्याखाली सरकवली. सत्यवतीबाईंनी पाहिलं.

“गप,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. “गाठीखाली बोट लागते.”

सत्यवतीबाईंचाही जन्म मळ्यात गेलेला. त्यांना ते पटलं. त्या गप्प बसल्या.

घोट्याला एक किलोची वाळूची पिशवी. टॅबलेटमधून करिश्माचाच आवाज निघाला, तिनं तो आधीच भरून ठेवला होता: “तीस वेळा, मामाजी. पाय सरळ करा, सावकाश खाली न्या. घाई नाई.” समोरच्या सुनेला जे सांगता येत नव्हतं ते या पेटीतल्या सुनेला भगवंतराव खुशाल सांगत. “हो बाई, करून राहिलो ना,” ते म्हणत. “एक किलोचं काय एवढं कौतुक? एवढा तर माह्या पानाचा डबा भरते.” तीस झाले, थोडा दम, मग पंधरा-पंधराच्या तीन खेपा. त्यांना काहीच झालं नाही. बोटं तेवढी ठणकली.

आठवड्यातून तीनदा असं चाललं. दर शनिवारी सत्यवतीबाई टेप लावून मांडी मोजत आणि पडद्याबाहेर आकडा सांगत. आकडा हटेना. टॅबलेटवर सगळं हिरवं: दाब बरोबर, वेळ बरोबर, खेपा बरोबर. करिश्मानं पट्टा स्वतःच्या मांडीला बांधून पाहिला, मशीन दुसऱ्या मशीनशी ताडून पाहिलं, सासूला विचारलं, “अंडी खातात ना? दूध घेतात ना?” तिच्या कपाळावर आठी दिसू लागली. भगवंतराव मनातल्या मनात मशीनच्या खात्यावर नावे टाकत होते आणि त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण माघ सरत आला होता. देवमनचा फोन यायचा, “फुटवा मस्त सुटून राहिला, भाऊ. कोनाच्या हातानं बांधता मंग?” फोन ठेवल्यावर आनंद कुठंच सापडत नसे.

एका दुपारी व्यायाम उरकून ते बाहेरच्या बाकावर पान लावायला बसले. बारी पान लावतो ते पाहण्यासारखं असतं. पान डाव्या हाताच्या बोटांवर पसरायचं, उजव्यानं चुना, कात, सुपारी, आणि मग डावा हातच घडी घालतो. भगवंतरावांच्या हातून पान निसटलं. सुपारी फरशीवर उधळली. त्यांनी दुसरं पान घेतलं. तेही पडलं. समोर बसलेल्या पेशंटनं नजर वळवली, कारण म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही पडलं की पाहू नये.

करिश्मानं मात्र पाहिलं. ती सुपारी गोळा करायला वाकली आणि तिच्या डोळ्यांसमोर सासऱ्याची दोन बोटं आली. सुजलेली, पांढुरकी, आणि त्यांच्यावर पट्ट्याच्या विणीची नक्षी छापल्यासारखी उमटलेली. तिनं सुपारी त्यांच्या डब्यात ठेवली आणि आत गेली.

पुढच्या खेपेला पट्टा बांधून झाला, मशीननं माप काढलं, भगवंतरावांची बोटं सरकली, आणि त्याच क्षणी पडदा बाजूला झाला. करिश्मा आत उभी होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात टॅबलेट.

“अवो बाप्पा!” सत्यवतीबाईंनी चादर ओढली.

“तिले सांग...” भगवंतराव गरजले.

“मले सांगा, मामाजी. मी इथंच हावो.”

भगवंतरावांना थेट बोलायची सवय नव्हती, सुरुवात कुठून करायची ते कळेना. “मर्यादा म्हनून काई असते,” ते शेवटी म्हणाले.

“असते ना. दर सनाले तुमच्या पाया पडतो मी. आज जराशी वरपर्यंत पडली समजा.”

सत्यवतीबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. भगवंतरावांना दिसलंच.

करिश्मा खुर्ची ओढून बसली. “बोटं काढा. अन् मले सांगा, काहून घालता?”

“वेलीले जागा लागते,” भगवंतराव म्हणाले. मळ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप मोठा होई. “गाठ आवळली की वेल मरते. तुले नाई समजायचं, तू कुठं बांधली वेल?”

“नाई बांधली. पन पाह्यली हाये. दर साली वेल उतरवता का नाई तुमी?”

“उतरवतो. म्हातारी झालेली वेल खाली घेतो, गुंडाळतो, मातीत गाडतो.”

“श्वास कोंडते तिचा मातीत.”

“थोडा कोंडलाच पायजे! तशीच वर ठेवली तर नुसतं लाकूड होते तिचं. मातीत दाबली की मंग...” भगवंतराव थांबले.

“मंग काय, मामाजी?”

“मंग फुटवा येते,” ते म्हणाले. आवाज बराच लहान झाला होता.

“किती दाबता? पूर्न वेल?”

“पूर्न नाई. शेंडा वर ठेवा लागते. नाईतर सडते.”

“म्हनून मशीन पूर्न रक्त बंद करत नाई. अर्ध्याच्या थोडं वर थांबते. तुमची गाठ सालभर राह्यते, तिले बोट पायजे. हा पट्टा थोड्या वेळात सुटते. तुमी उतरवायच्या कामाले बांधायचा कायदा लावला. मशीन सांगते दाब बरोबर, पन तो दाब तुमच्या बोटावर पडून राहिला. बोटाचा व्यायाम चालू हाये तुमच्या.” मग ती जरा खाली पाहत म्हणाली, “चूक माह्यीबी हाये. टॅबलेटवर सगळं हिरवं दिसते म्हनून मी पडद्याबाहेर बसून राहिली. पेशंट डोळ्यांनं पाहा लागते, हे मी बाकीच्यांले शिकवतो.”

भगवंतरावांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी मळ्याच्या भाषेत पकडलं होतं, आणि पकडणारीनं कबुलीही देऊन टाकली होती, त्यामुळे रागावायचीसुद्धा सोय राहिली नव्हती. त्यांनी बोटं काढली. बोटांकडे पाहिलं. “कर बाई तुह्या मनानं,” ते म्हणाले. हे थेट तिलाच म्हणाले. सत्यवतीबाई निरोप पोचवायला तोंड उघडून बसल्या होत्या, त्यांनी ते मिटलं.

मशीननं पुन्हा माप घेतलं. आकडा तोच आला, पण या वेळी मध्ये बोटं नव्हती. मग पट्ट्यानं मांडी खरोखर धरली. पहिले तीस निघाले. दम घेऊन पुढची पंधराची खेप सुरू झाली तेव्हा मांडीत मिरचीची धुरी कोंडल्यासारखं झालं. तिसऱ्या खेपेला घाम कपाळावरून मिशीत आला. एक किलोची पिशवी होती, पण ती पायलीभर ज्वारीसारखी ओढत होती.

“मेलो,” भगवंतराव म्हणाले.

“जळते का बधिर होते?” करिश्मानं लगेच विचारलं. “मुंग्या आल्या तर सांगा, मी हवा सोडतो.”

“बधिर नाई. जळते.”

“जळू द्या.” तिनं त्यांच्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, रंग परत येतो का ते पाहिलं. सुनेचा हात सासऱ्याच्या पायाला लागला होता आणि छप्पर जागेवरच होतं. “सात राहिले, मामाजी. आता एक किलो लागला का?”

“बोलू नोको मध्ये,” भगवंतराव दात आवळून म्हणाले. “मोज.”

शेवटची खेप संपली, हवा सुटली, आणि पायात रक्त असं धावून आलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. ‘बापा,’ ते पुटपुटले, ‘हे होय का तं.’

घरी परतताना ते दारात अडखळले. आपल्या चपला पायात आहेत हे त्यांना आज जाणवलं. पुढच्या खेपेपासून चपला बाहेर राहू लागल्या, नीट जोडीनं, भिंतीकडे तोंड करून, जशा मळ्याच्या फाटकाशी राहतात. करिश्मानं ते पाहिलं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ही गोष्ट भगवंतरावांनी तिच्या जमेला जाड अक्षरात लिहिली.

टेप सरकू लागली. आधी सुताएवढी, मग दिसेल एवढी. शिमग्यापर्यंत ते भिंत न धरता जिना उतरत होते. करिश्मा पिशवी थोडी जड करी आणि मशीननं काढलेलं नवं माप दाखवी. आता भगवंतराव टॅबलेट स्वतः मागून घेत आणि बाकावरच्या अनोळखी पेशंटांना दाखवत. “हा दाब. हा वेळ. अन् हे हिरवं दिसते ना, त्याच्यावर जाऊ नोका, माह्यी सून डोळ्यांनं बी पाह्यते.” एका कबड्डीच्या पोराला त्यांनी अर्धा तास समजावलं. पोरगं गुडघा दाखवायला आलं होतं, पानवेलीवर व्याख्यान ऐकून गेलं.

चैत्रात ते गावी आले. करिश्मा आणि योगेश सोबत आले, सर्जननं शिडीला हो म्हटलं होतं, पण करिश्माची अट होती की पहिल्या दिवशी ती समोर असेल. मळ्याच्या फाटकाशी तिनं कोणी न सांगता सँडल काढले. देवमन आधीच हजर होता. तो मदतीला आलो म्हणाला. खुर्चीही घेऊन आला होता.

“मालिश झाली का मंग, भाऊ?” देवमन म्हणाला.

भगवंतरावांनी आभाळाकडे पाहिलं नाही. “देवमन, गुडघा दुखते ना तुह्या?”

“दुखते तं.”

“पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? नसा फुगल्या का? बीपी कित्ती? घरात सिकलसेल?”

“हे काय पोलिसासारखं?” देवमन मागे सरला.

“इतकं विचारल्याबिगर आमच्या सुनबाई कोनाच्या पायाले पट्टा लावत नाई. ज्या पायाचं जे माप, तेच त्याले देते. गोळी नाई, सुई नाई. माह्यी मांडी तिनं वापस आनली, पाह्य.” आणि भर मळ्यात, व्याह्यांसमोर कधी केलं नसतं ते त्यांनी केलं, धोतर गुडघ्यावर सरकवून मांडी आवळून दाखवली. स्नायू टरारला. देवमननं खुर्ची जरा आपल्याकडे ओढून घेतली.

शिडी पांगाऱ्याला लागली. भगवंतरावांनी पहिला पाय ठेवला, दुखऱ्या पायाचा. खाली योगेशनं शिडी धरली. करिश्मा गुडघ्याकडे पाहत होती. दुसरी पायरी. तिसरी. गुडघा लचकला नाही. चौथीवर ते थांबले, आणि नवा फुटवा त्यांच्या तोंडासमोर आला, कोवळा, तांबूस, बांधायची वाट पाहणारा.

“बस, मामाजी. आज इथंवरच,” करिश्मा म्हणाली.

“इथंच बांधायचा हाये.” त्यांनी लव्हाळ्याची पात दातात धरली, फुटवा खोडाशी लावला, आणि थबकले. मग वाकून हात खाली केला. “ये वर.”

“मी?”

“तू नाई तं काय देवमन? ये.”

करिश्मानं ओढणी खोचली आणि दुसऱ्या बाजूनं तीन पायऱ्या चढली. सत्यवतीबाई खालून म्हणाल्या, “अवो, पोरगी पडन!” कोणी लक्ष दिलं नाही.

“बोट ठेव इथं,” भगवंतराव म्हणाले. “वेलीवर. हं. आता हलवू नोको.” त्यांनी पात तिच्या बोटावरून फिरवली, पीळ दिला, गाठ मारली. “कित्ती आवळलं वाटते?”

“सैल वाटते, मामाजी.”

“सैलच पायजे. इथं तुह्या मशीनचा कायदा नाई चालत.” ते मिशीत हसले. “काढ आता बोट.”

तिनं बोट काढलं. गाठीखाली जागा राहिली. भगवंतरावांच्या बोटापेक्षा जराशी कमी, पण वेलीला पुरेल एवढी. त्यांनी ती डोळा बारीक करून पाहिली, दुसरी पात घेतली आणि खाली न पाहताच म्हणाले, “देवमन, खुर्ची घरी घेऊन जाजो. इथं कोनी बसत नाई.”